फोन कुठल्या पायरीवर अडला?

फोनवर नवं रॉम, म्हणजे नवी प्रणाली, चढवताना कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत टक्के वाढत असतात. तीस, चाळीस, पंचेचाळीस... आणि सत्तेचाळीसवर गाडी थांबते. मग एक ओळ उमटते : ‘एडीबी : फेल्ड टू रीड कमांड : सक्सेस’. हुकूम वाचण्यात अपयश आलं, कारण यश. असा निकाल आजवर कुठल्याही बोर्डाने लावला नसेल.

नवखा माणूस इथे घाबरून केबल ओढतो. खरं तर बहुतेक वेळा काम फत्ते झालेलं असतं. या सत्तेचाळीसमागची गोष्ट मला फार आवडते. एडीबी हा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम फाइल फोनमध्ये एकसलग ओतत नाही. फोन मागेल तो तुकडा तो पुरवतो, त्यामुळे एकूण काम किती आहे याचा त्याला पत्ताच नसतो. पण टक्के तर दाखवायला हवेत. म्हणून हा कोड लिहिणाऱ्यांनी एक अंदाज बांधला : फोन सगळी फाइल दोनदा वाचेल, एकदा सही तपासायला आणि एकदा बसवायला, वर थोडी इकडची-तिकडची वाचावाच. म्हणजे फाइलच्या साधारण २.१३ पट. शंभराला २.१३ ने भागलं की येतात ४७. फाइल एकदा वाचून झाली की ४७ टक्के, असं त्या कोडमध्ये चक्क आकड्यात लिहिलेलं होतं. फोनने एकाच वाचनात काम उरकलं, तर आकडा तिथेच राहतो. काम संपल्यावर फोन जोडणी बंद करतो. एडीबी पुढचा हुकूम वाचायला जातो आणि हाती काहीच लागत नाही, म्हणून ‘फेल्ड’. कारण शोधायला तो सिस्टिमचा त्रुटी-क्रमांक बघतो. तो असतो शून्य, आणि शून्याचा छापील अर्थ ‘सक्सेस’. दोन्ही शब्द आपापल्या जागी खरे आहेत.

फोन रूट करताना किंवा त्यावर दुसरं सॉफ्टवेअर मारताना जे काही बिनसतं, त्यातलं बरंचसं असंच असतं. फोन ‘मेला’ असं आपण म्हणतो, पण तो फार क्वचित मरतो. तो कुठल्या तरी एका पायरीवर थांबलेला असतो आणि बहुधा ती पायरी सांगतही असतो. ती ओळखता आली की निम्मी दुरुस्ती झाली.

पायऱ्या पहिल्यापासून बघू. पॉवरचं बटण दाबल्यावर स्क्रीन उजळायच्या आधीच प्रोसेसरच्या पोटातला एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला बूट रॉम म्हणतात. तो चिप घडवतानाच सिलिकॉनमध्ये कोरलेला असतो. कुठलंही अपडेट त्याला बदलू शकत नाही. कंपनीलाही ते शक्य नाही. याचा फटका कसा बसतो ते सप्टेंबर २०१९ मध्ये दिसलं. ‘चेकमेट’ नावाची त्रुटी उघड झाली. आयफोन ४एसपासून आयफोन एक्सपर्यंतच्या फोनांच्या बूट रॉममध्ये ती होती. ॲपलसारख्या कंपनीला, विकून झालेल्या त्या सगळ्या फोनांतली ही चूक दुरुस्त करणं कायमचं अशक्य होतं.

बूट रॉम पुढच्या प्रोग्रॅमला, म्हणजे बूटलोडरला, उठवतो. पण आधी त्याची डिजिटल सही तपासतो. सही खरी कशावरून? कंपनीच्या किल्लीचा ठसा चिपमधल्या ई-फ्यूजांत नोंदलेला असतो. ई-फ्यूज म्हणजे चिपमधला अतिसूक्ष्म दुवा. त्यातून ठरावीक जास्त प्रवाह सोडला की त्याची अवस्था कायमची बदलते. एकदा जळला की जळला. आयबीएमने २००४ मध्ये हे तंत्र जाहीर केलं. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये असे कितीतरी फ्यूज असतात. काही कारखान्यात जाळलेले, काही अजून शाबूत. त्यांच्याकडे पुन्हा यायचंच आहे.

बूटलोडर कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तपासतो; कर्नेल सिस्टिम तपासतं. किल्ल्यावर जशी एकेका दरवाज्यावर नवी चौकी, आणि आधीच्या पहारेकऱ्याने ओळख पटवल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडत नाही, तशी ही रचना आहे. पण सिस्टिमचं विभाजन, म्हणजे स्टोरेजमधला तिचा कप्पा, गीगाबाइटमध्ये असतं. फोन सुरू होताना ते सगळं तपासत बसलं तर चहा होऊन जाईल. मग करतात काय?

इथलं गणित थक्क करणारं आहे. समजा विभाजन एक गीगाबाइटचं आहे. त्याचे चार-चार किलोबाइटचे तुकडे पाडले तर २,६२,१४४ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा ३२ बाइटचा ठसा काढायचा. चार किलोबाइटच्या एका तुकड्यात असे १२८ ठसे मावतात, म्हणजे सगळे ठसे ठेवायला २,०४८ तुकडे पुरतात. आता या ठशांच्या तुकड्यांचेही ठसे काढायचे. ते १६ तुकड्यांत बसतात. त्यांचे ठसे एकाच तुकड्यात. त्या एकाचा ठसा म्हणजे फक्त ३२ बाइट. अडीच लाखांहून जास्त तुकड्यांत कुठेही एक बिट इकडचा तिकडे झाला, तर हे शेवटचे ३२ बाइट बदलतात. कंपनीची सही फक्त या मुळाच्या ठशापुरती लागते. बाकीची तपासणी त्या-त्या तुकड्याचं वाचन होताना होते. या यंत्रणेचं नाव डीएम-व्हेरिटी. अँड्रॉइड ४.४ मध्ये ती आली आणि ७.० पासून तिची सक्ती झाली.

म्हणूनच सिस्टिममध्ये हात घातलेला फोन कधी लगेच बंद पडतो, तर कधी छान सुरू होऊन पाच मिनिटांनी अचानक रीस्टार्ट होतो. बिघडवलेला तुकडा वाचायची वेळ तेव्हा आलेली असते.

आता रूटकडे येऊ. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे आणि लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला क्रमांक असतो. अँड्रॉइडने यात एक चतुराई केली. फोन वापरणारा माणूस एकच, म्हणून त्याने क्रमांक माणसांना न देता ॲपना दिले. ॲपचे क्रमांक १०,००० पासून सुरू होतात आणि एकाच्या फाइल दुसऱ्याला दिसत नाहीत. शून्य क्रमांक मात्र रूटचा, त्याला मज्जाव नाही. फोन आपल्या पैशाचा असला तरी तो क्रमांक आपल्याला दिलेला नसतो.

एकदा मात्र तो सगळ्यांनाच दिला गेला होता. पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी१, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. त्याच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यामागे रूटचा शेल, म्हणजे हुकूम घेणारा प्रोग्रॅम, चालू राहिला होता, आणि कीबोर्डवर टाइप केलेलं प्रत्येक अक्षर तिकडेही जात होतं. मेसेज लिहा, पत्ता लिहा, शेल ते हुकूम समजून पाळू बघायचा. एकाने मेसेजच्या उत्तरात ‘रीबूट’ एवढंच लिहून एंटर दाबलं आणि फोन खरोखरच रीबूट झाला! इतक्या सोप्या रीतीने रूट मिळण्याचा योग पुन्हा आला नाही. महिन्याभरात ते भोक बुजवलं गेलं.

आज तेच काम बहुतेकजण मॅजिस्कने करतात. जॉन वू या विकासकाने ते २०१६ मध्ये आणलं. आधीची साधनं सिस्टिम विभाजनात फाइल घुसवत. ठशांवर ठसे रचणाऱ्या डीएम-व्हेरिटीला हे मानवेना. मॅजिस्क सिस्टिमला बोटही लावत नाही. फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा ‘इनिट’ हा प्रोग्रॅम कर्नेलसोबत बूट इमेजमध्ये असतो. मॅजिस्क त्याच्या जागी स्वतः बसतं, आपली कामं उरकतं आणि मग खऱ्या इनिटला पुढे करतं. डिस्कवरची सिस्टिम कोरीच राहते, बदल दिसतात ते स्मृतीत रचलेले. शिवाय निव्वळ शून्य क्रमांक हल्ली पुरत नाही. एसईलिनक्स नावाची वेगळी नियमावली रूटलाही अडवते. मॅजिस्कला त्या नियमांतही सुरुवातीलाच आपल्यापुरती वाट काढून ठेवावी लागते.

घोळ होतात ते नेमके इथे. बूट इमेज ही त्या फोनच्या त्याच बिल्डची लागते. रात्री फोनने गुपचूप अपडेट घेतलं असेल आणि आपण गेल्या महिन्याची इमेज पॅच करून चढवली, तर कर्नेल एका काळाचं आणि बाकी सिस्टिम दुसऱ्या काळाची. कंपनीचा लोगो येतो, जातो, पुन्हा येतो. हाच बूटलूप. अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या फोनांत तर इनिट ‘बूट’मधून ‘इनिट बूट’ या वेगळ्या विभाजनात गेला आहे. जुन्या व्हिडिओत बघून ‘बूट’ पॅच करणाऱ्यांचा नेम मग चुकतो. उपाय एकच आणि अगदी साधा : त्याच बिल्डची मूळ, कोरी इमेज फास्टबूटमधून, म्हणजे बूटलोडरशी केबलने थेट बोलून, परत चढवायची. म्हणून काहीही करण्याआधी ती इमेज कॉम्प्युटरवर जपून ठेवायची. माझ्या मते या सगळ्या उद्योगात याच्याइतकी मोलाची दुसरी सवय नाही.

फोन कुठे अडला, हे कसं ओळखायचं? स्क्रीनकडे नीट बघा. नुसता स्थिर लोगो येऊन फोन पुन्हा बंद होत असेल, तर अडचण खालच्या पायऱ्यांवर आहे : बूट इमेज, सह्यांचं विभाजन, फार तर कर्नेल. लोगोनंतर हलतं चित्र, म्हणजे बूट ॲनिमेशन, सुरू होऊन तासभर फिरत राहिलं, तर ती चांगली बातमी समजा. कर्नेल उठलंय, सिस्टिम सापडलीय, वरची एखादी सेवा पुन्हापुन्हा कोसळतेय. यूएसबी डिबगिंग आधी चालू केलेलं असेल तर या अवस्थेतही एडीबीने लॉग वाचता येतो, आणि कोण कोसळतंय त्याचं नाव तिथे सापडतं. बऱ्याचदा तो मॅजिस्कचा एखादा मोड्यूल निघतो. फोन सेफ मोडमध्ये सुरू केला की मॅजिस्क सगळे मोड्यूल बंद करून टाकतं.

स्क्रीन काहीच सांगत नसेल तर कॉम्प्युटरला विचारायचं. अर्थात केबल धड असेल तर. ‘वेटिंग फॉर डिव्हाइस’ या ओळीवर जितका वेळ वाया जातो तितका दुसऱ्या कशातच जात नसेल. कारणं बहुधा क्षुल्लक असतात : फक्त चार्जिंगपुरती केबल, विंडोजमध्ये न बसलेला ड्रायव्हर, लिनक्समध्ये न मिळालेली परवानगी, किंवा यूएसबी ३ चं पोर्ट ज्याच्याशी काही फोनांचा फास्टबूट जुळवून घेत नाही. मधे जुनं यूएसबी २ चं हब लावलं की तोच फोन निमूट बोलू लागतो.

रॉम चढवताना येणाऱ्या ‘एरर ७’चाही बाऊ नको. रॉमच्या फाइलमध्ये कुठल्या फोनसाठी ती बनलीय त्याचं सांकेतिक नाव असतं. रेडमी नोट ४ चं ‘मिडो’, पोको एफ१ चं ‘बेरिलियम’. नाव जुळलं नाही की बसवणारी स्क्रिप्ट काम थांबवते. ती तपासणी फाइलमधून पुसून रॉम रेटायचा सल्ला लोक सर्रास देतात. तो ऐकू नये. तिने आपला फोन वाचवलेला असतो.

आणखी एक नेहमीचं दुखणं : रॉम बसलं, फोन सुरू झाला आणि ‘सेटअप विझार्ड’ सारखा बंद पडतो. याचं मूळ २००९ मध्ये आहे. स्टीव्ह कोंडिक हे जी१ साठी सायनोजेनमॉड नावाचं रॉम बनवत होते. त्यात गूगलची स्वतःची ॲप होती. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने नोटीस धाडली : अँड्रॉइड खुलं आहे, ही ॲप नाहीत. तेव्हापासून रॉम वेगळं आणि गूगलच्या ॲपचं पाकीट वेगळं. सायनोजेनमॉडचा वारस असलेल्या लिनिएजओएसमध्येही आज तेच चालतं. हे पाकीट रॉमनंतर, पण पहिल्यांदा फोन सुरू करण्याआधी चढवायचं असतं, कारण खास अधिकारांचं वाटप त्या पहिल्या सुरुवातीला होतं. उशिरा आलेल्याला अधिकार नीट मिळत नाहीत आणि तो कोसळत राहतो. पंधराएक वर्षांपूर्वीच्या कायदेशीर नोटिशीची शिवण आजच्या फोनवर अशी उसवते.

भारतात तर या रॉमने कोर्टही पाहिलं. वनप्लस वन हा फोन सायनोजेन या कंपनीच्या सॉफ्टवेअरसह इथे आला आणि सायनोजेनने भारतापुरते हक्क मायक्रोमॅक्सला दिलेले. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या फोनच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. ती काही दिवसांतच उठली, पण वनप्लसने पुढे स्वतःची प्रणाली बनवली.

बूटलोडर अनलॉक केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं, यावर बरेचजण चिडतात. पण उलट विचार करा. तसं नसतं तर चोरानेही अनलॉक केला असता आणि आपले फोटो वाचले असते. डेटा ज्या किल्ल्यांनी कुलूपबंद असतो त्या हार्डवेअरशी, बूटलोडरच्या अवस्थेशी आणि सिस्टिमच्या आवृत्तीशी बांधलेल्या असतात. म्हणून एका रॉमवरून दुसऱ्यावर गेल्यावर पिन बरोबर टाकूनही डेटा उघडत नाही. रिकव्हरी या दुरुस्तीच्या मोडमधलं साधं ‘वाइप’ इथे पुरत नाही. ‘फॉरमॅट डेटा’ करावं लागतं. फोटो आधीच बाहेर काढलेले बरे.

बऱ्याच नव्या फोनांत सिस्टिमच्या दोन प्रती असतात, ए आणि बी. २०१६ च्या पिक्सेलपासून ही पद्धत आली. एक चालू, दुसरीवर अपडेट उतरतं. नवी प्रत ठरावीक वेळा प्रयत्न करूनही उठली नाही, तर बूटलोडर आपणहून जुनीकडे वळतो. ‘मी रॉम टाकलं, पण जुनंच दिसतंय’ या कोड्याचं उत्तर बहुधा हेच.

आता त्या फ्यूजांकडे. बहुतेक चुका उलटवता येतात, फ्यूज जाळणाऱ्या येत नाहीत. सॅमसंगच्या फोनमध्ये परकं सॉफ्टवेअर सुरू झालं की नॉक्सचा फ्यूज जळतो. पुढे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी डाउनलोड मोडमध्ये ती खूण दिसतच राहते आणि सॅमसंग पे किंवा सिक्युअर फोल्डर त्या फोनवर कायमचे बंद. दुसरा सापळा मागे न फिरण्याचा, म्हणजे अँटी-रोलबॅक. जुन्या आवृत्तीत भोक असेल तर चोर मुद्दाम ती टाकेल, म्हणून फोन ‘याच्या मागे नाही’ असा आकडा नोंदवून ठेवतो. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रोवर जुनं मीयूआय परत टाकणाऱ्या कित्येकांच्या फोनची वीट झाली ती यामुळे.

आणि ऑगस्ट २०२२ मध्ये दोन चांगल्या सोयी एकमेकींवर आदळल्या. पिक्सेल ६ मालिकेला अँड्रॉइड १३ आलं, त्यात तो आकडा वाढला. पण अपडेट फक्त एका प्रतीवर उतरलेलं. दुसरीत जुना बूटलोडर तसाच. अशा फोनवर कुणी बिघडलेलं रॉम चढवलं, की फोन सवयीने दुसऱ्या प्रतीकडे वळणार, आणि तिथला जुना बूटलोडर आता निषिद्ध! सावरण्यासाठी ठेवलेली प्रतच फोनला गाडणार. म्हणून दोन्ही प्रतींवर नवा बूटलोडर चढवून घ्या, असं गूगललाच सांगावं लागलं.

अशा विटेलाही कॉम्प्युटरला जोडून बघावं. क्वालकॉमच्या चिपचा फोन असेल, स्क्रीन काळी, कंपन नाही, चार्जिंगचं चिन्ह नाही, तरी विंडोजच्या यादीत ‘क्यूडीलोडर ९००८’ असं नाव उमटू शकतं. कुठलंही अपडेट बदलू न शकणारा तो बूट रॉमच हा. पुढचा प्रोग्रॅम सापडला नाही, म्हणून तो यूएसबीवर येऊन थांबला आहे. पण इथेही त्याला कंपनीची सही असलेलाच प्रोग्रॅम लागतो. तो हाती असेल तर फोन पहिल्यापासून लिहून काढता येतो. दुरुस्तीच्या दुकानात मदरबोर्डवरचे दोन ठरावीक बिंदू चिमट्याने जोडून फोनला याच अवस्थेत नेतात. तिथे जाताना ईएफएस हे विभाजन मात्र सांभाळा. नेटवर्कची नोंद आणि आयएमईआय त्यावर अवलंबून असतात. आधी स्वतःच्या फोनची प्रत घेतलेली नसेल आणि ते पुसलं गेलं, तर फोन उठतो, पण सिम ओळखत नाही. दुसरा आयएमईआय लिहून वेळ मारून नेणं हा आपल्याकडे गुन्हा आहे.

सगळं जमलं आणि यूपीआयचं ॲप उघडेना, तर ते मात्र दुरुस्त करण्याजोगं ‘बिघडलेलं’ नाही. फोन सुरू होताना बूटलोडर, कुलूप उघडं की बंद, हे प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्याला कळवतो. ॲपने हार्डवेअरची साक्ष मागितली, की तो कप्पा आपल्या किल्लीने सही करून खरं तेच सांगतो. वरच्या थरात काहीही लपवलं तरी ही साक्ष बदलत नाही.

मग लोक म्हणतात, पुन्हा लॉक करून टाकू. परकं रॉम तसंच ठेवून लॉक केलं तर पहिल्याच सुरुवातीला सही जुळत नाही आणि फोन लाल इशारा देऊन थांबतो. पिक्सेलसारख्या मोजक्या फोनांत स्वतःची किल्ली नोंदवून परक्या प्रणालीसह लॉक करता येतं. ग्राफीनओएस तेच करतं, तेव्हा इशारा पिवळा असतो. बाकी फोनांत क्रम असा : आधी कंपनीचं पूर्ण सॉफ्टवेअर, चालू आवृत्तीचं किंवा नवं, दोन्ही प्रतींवर चढवायचं. मग फोन एकदा नीट सुरू करून बघायचा, आणि नंतरच कुलूप लावायचं. लॉक करतानाही डेटा पुन्हा पुसला जातो.